कायम काम कशास म्हणावें?

मंदी आली कीं गांवोगांव एकच बोलणें कानीं येतें : "कसेंहि करून पोराला कोठें तरी कायमचें चिकटवा." असें बोलणारे आईबाप वेडे नाहींत. शेतमालाचा भाव पडला व हातीं पैसा खेळेनासा झाला, म्हणजे कुणबी पहिला खर्च थांबवितो तो कारागिराच्या कामाचा. लग्न पुढें ढकललें कीं शिंपी बसला. घराची भिंत अर्धवट राहिली कीं गवंडी व सुतार बसले. आणि हे बसले म्हणजे कुणब्याचें दूध-भाजी घेणारें गिऱ्हाईकहि गेलें. २०२० सालच्या टाळेबंदींत हें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. शहरांतील काम एका रात्रींत बंद झालें आणि माणसें पायीं गांवाकडे निघालीं. सरकारी पाहणीप्रमाणें देशांतील काम करणाऱ्या माणसांपैकीं शेतीवर असलेलीं माणसें २०१८-१९ मध्यें शेंकडा ४२.५ होतीं, तीं २०१९-२० मध्यें शेंकडा ४५.६ झालीं. शेतांत नवीं कामें निघालीं म्हणून नव्हे. त्याच भाकरीला दोन तोंडें अधिक झालीं, इतकेंच.

अशा वेळीं घरादाराची नजर सरकारी भरतीकडे लागते. २०२४ सालीं आपल्या राज्यांत पोलिसांच्या १७ हजारांवर जागांसाठीं १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे शंभरांत एक घेतला जाणार आणि नव्व्याण्णव परत फिरणार. या नव्व्याण्णवांचें पुढें काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पुण्यांतील खोलीचें भाडें, खाणावळ, वर्गाची फी, अभ्यासिकेचें शुल्क हीं चारपांच वर्षें भरण्यासाठीं कोणी बैल विकला, कोणी गुंठा विकला. मुलानें परीक्षा देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. सरकारी कचेरींत बहुजनांचीं मुलें बसलींच पाहिजेत. तो हक्क मोठ्या कष्टानें मिळालेला आहे. परंतु किती वर्षें प्रयत्न करावयाचा हें घरानें आधींच ठरवावें, आणि त्या वर्षांत मुलाच्या हाताला दुसरें एखादें काम लावून ठेवावें. दलालाच्या हातीं पैसे देऊन नोकरी विकत घेण्याचा धंदा तर निव्वळ लुबाडणूक होय. त्यांत जमीनहि जाते आणि नोकरीहि मिळत नाहीं.

आणि सरकारी खुर्ची तरी पूर्वीइतकी पक्की कोठें राहिली आहे? २०२३ च्या सप्टेंबरांत राज्य सरकारनें नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसें भरण्याचा हुकूम काढला. ओरड झाली तेव्हां ऑक्टोबरांत तो मागें घेतला. ओरड झाली नसती तर काय झालें असतें हें सांगावयास ज्योतिषी नको.

तेव्हां 'कायम' या शब्दाचाच एकदां नीट विचार केला पाहिजे. आमच्या वाडवडिलांचें बलुतें कायम होतें. सुताराच्या घरीं जन्मला तो सुतार, लोहाराच्या घरीं जन्मला तो लोहार, आणि खळ्यावर पसाभर दाणे मिळतील तेवढ्यावर वर्ष काढावयाचें. महारकीचें वतनहि कायम होतें. तें मोडावें म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं कौन्सिलांत बिल आणलें, आणि तें कायद्यानें गेलें १९५८ सालीं. जें काम सोडतां येत नाहीं तें कायम काम नव्हे, ती बेडी आहे. उलट मुंबईच्या गिरणींतील बिल्लाहि लोक कायमच समजत होते. १९८२ च्या १८ जानेवारीस सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि सातारा-रत्नागिरीकडील हजारों घरांचा तो 'कायम' पगार परत कधींच आला नाहीं. पिढीजात धंद्यावर भरंवसा नाहीं आणि मोठ्या धन्यावरहि नाहीं, मग स्थैर्य येतें कोठून?

याचें उत्तर आम्हांस हमालांनीं दिलें असें वाटतें. पोतें उचलणें याहून बेभरंवशाचें काम कोणतें? आज गाडी आली तर मजुरी, नाहीं तर उपास. आजारी पडला तर मुकादम दुसरा माणूस उभा करणार. सातारा जिल्ह्यांतून मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनीं या माणसांची संघटना बांधली, लढे दिले, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी कायदा झाला. त्याची रचना ज्यांस ठाऊक नाहीं त्यांनीं ती समजून घ्यावी. व्यापाऱ्यानें आपलें नांव मंडळांत नोंदवावयाचें, हमालानेंहि नोंदवावयाचें. टोळीनें जेवढा माल उचलला त्याची मजुरी व्यापारी मंडळांत भरतो, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही वेगळी भरतो. मंडळ हमालाला महिन्याचा पगार देतें, व त्या लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना हें सर्व चालतें. धनी दहा असोत कीं पन्नास, हिशेब एका ठिकाणीं. पोतें तेंच आणि पाठहि तीच; पण रोजंदारीचा पगार झाला, आणि म्हातारपणासाठीं चार पैसे उरले. कोणत्याहि धन्याच्या दयेनें हें झालें नाहीं. माथाडीचें नांव सांगून खंडणी उकळणारे कांहीं भामटे निघाले आहेत हें खरें. त्यांस खुशाल तुरुंगांत घालावें, पण त्यांच्या निमित्तानें कायदाच ढिला करूं पाहणारांपासून सावध राहावें.

दुसरें उदाहरण दुष्काळाचें. १९७२ च्या दुष्काळांत, १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारें ५० लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं. खडी फोडणाऱ्या त्या हातांतूनच रोजगार हमीचा कायदा निघाला. त्याची कल्पना वि. स. पागे यांची, कायदा १९७७ चा, अंमल १९७९ च्या २६ जानेवारीपासून. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, स्त्रीपुरुषांस एकच मजुरी, आणि खर्चासाठीं शहरांतील पगारदारांवर व्यवसाय कर. १९९० पासून फळबागाहि याच योजनेला जोडल्या. त्यामुळें कोरडवाहू शेतकऱ्याला आपल्याच बांधावर मजुरी मिळाली, आणि मजुरीचे दिवस संपल्यावर काजू-डाळिंबाचीं झाडें उरलीं. २००५ सालीं केंद्रानें देशभर शंभर दिवसांचा कायदा केला. २०२५ च्या डिसेंबरांत त्या जागीं संसदेनें दुसरा कायदा मंजूर केला. त्यांत दिवस १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामांत साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूद घातली. आमचे कांहीं बागाईतदार वाचक या तरतुदीनें खूष झाले असतील. मजूर मिळत नाहीं ही त्यांची तक्रार खोटी नव्हे. परंतु शेजारच्या घरचें काम बंद पाडून स्वस्त केलेली मजुरी बाजारांत परत येत नाहीं, आणि आपल्याच गांवचें गिऱ्हाईक आटतें, याचाहि हिशेब त्यांनीं घालावा.

ज्यांच्यापर्यंत असा कायदा पोंचलाच नाहीं, ते ऊसतोड करणारे. पावसाळ्यांत मुकादम उचल देतो, जोडप्याला मिळून एक 'कोयता' धरतात, आणि हंगाम संपतांना हिशेब फिटला नाहीं तर बाकी पुढच्या सालावर चढते. सहा महिने काम पक्कें, पण तें काम धन्यानें दिलेलें नसून कर्जानें लावलेलें आहे. येथें माथाडीसारखी नोंद व्हावी, कारखान्यानें मजुरी व लेव्ही थेट मंडळांत भरावी, ही मागणी गांवोगांवच्या सभांनीं ठराव करून केली पाहिजे.

तोंवर घरानें करण्याजोगें बरेंच आहे. काम कोणतेंहि असो, हजेरी व मजुरीची नोंद आपल्या वहींत रोजच्या रोज लिहावी. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्यावी. भविष्यनिर्वाह निधि कापला जात असेल तर त्याचा क्रमांक मागून घ्यावा व भरणा होतो कीं नाहीं हें पाहावें. गवंडीकाम करणारांनीं ठेकेदाराकडून नव्वद दिवसांचा दाखला घेऊन मंडळांत नोंदणी करावी. आणि यंदा मुकादम उचल घेऊन दारांत आला, म्हणजे अंगठा उठविण्यापूर्वीं रक्कम, दर आणि फेडीची मुदत कागदावर वाचून घ्यावी, त्या कागदावर घरधनिणीचेंहि नांव घालावें, आणि तिच्या वांट्याचे पैसे तिच्याच खात्यांत भरावयास लावावे.