राज्यशास्त्र शिकायला पोरं पाठवा

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे वाटणी ठरलेली असते. मार्क चांगले असले तर सायन्स, बरे असले तर कॉमर्स नाहीतर आयटीआय, आणि मागे राहील त्याला आर्ट्स. आर्ट्समध्येही 'वाचून पास होता येतं' म्हणून शेवटी जो विषय घेतला जातो तो राज्यशास्त्र. लोणी देवकर, पळसदेव, डाळज, कळस, कुठल्याही गावात विचारा, हेच ऐकायला मिळेल. पालकांनो, ही सवय आपण सोडली पाहिजे. ऊस आणि उजनीचं पाणी यांवर जगणाऱ्या आपल्या इंदापूर तालुक्याला या विषयातली शिकलेली माणसं डॉक्टर-इंजिनिअरांइतकीच लागतात, आणि ती आपल्याकडे फार कमी आहेत.

कुणी म्हणेल, आमच्या पोरांना राजकारण काय शिकवायचं? सोसायटीची निवडणूक असो की कारखान्याची, कोण कुणाच्या गटाचा आणि कुठली भावकी कुठे फुटणार, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. ते खरंच आहे. पण कोण निवडून येणार हे ओळखणं वेगळं आणि निवडून आलेला माणूस कोणता निर्णय कुठल्या कायद्याखाली घेऊ शकतो, कोणता त्याच्या हातातच नसतो, हे कळणं वेगळं. पहिलं चौकात बसून कळतं. दुसऱ्यासाठी काही वर्षं नीट अभ्यास करावा लागतो.

उसाचंच घ्या. आपण पहिल्या उचलीवरून भांडतो, काट्यावरून भांडतो, उतारा कमी दाखवला म्हणून भांडतो. या सगळ्याच्या मुळाशी असलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. तिचा आधार 1966 चा ऊस नियंत्रण आदेश. 2009 च्या आधी तिच्या जागी एसएमपी, म्हणजे किमान वैधानिक दर, होती. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढची गोष्ट मात्र गावात क्वचित बोलली जाते. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार नेली. भारत आपल्या ऊस उत्पादकाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो, वर साखरेच्या निर्यातीला अनुदान देतो, हे नियमांत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. भारताने बाजू मांडली की एफआरपीचे पैसे कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून त्यासाठी काही जात नाही, मग याला सरकारी आधार कसं म्हणता? डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या तंटा समितीने हे म्हणणं फेटाळलं. दर सरकारने बांधून दिला म्हणजे आधार सरकारचाच, आणि तो उत्पादनाच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो, असा तिचा निकाल. त्यावर भारताने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर 2019 पासून बंद पडलेलं होतं, कारण तिथल्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या होत्या. त्यामुळे निकाल विरोधात गेला तरी त्याची अंमलबजावणी अडकली.

आपल्या फडातल्या उसाच्या दराविषयी तीन खंडांतल्या देशांनी मिळून भांडण केलं, त्याचा निकाल लागला, आणि अमेरिकेच्या एका भूमिकेमुळे तो अडला. याला परराष्ट्र धोरण म्हणतात. ते दिल्लीत बसून केलेल्या हस्तांदोलनांपुरतं नसतं. 2023-24 च्या हंगामात साखरेची निर्यात बंद राहिली. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं. त्याच महिन्यात कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती मे 2024 पर्यंत टिकली. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की आपली द्राक्षं आणि विदर्भातली संत्री अडून बसतात. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं त्या वर्षी पोटॅशच्या पोत्याचा भाव कुठे गेला, ते कुणाला सांगायला नको. कर्मयोगी, नीरा-भीमा, छत्रपती अशा कारखान्यांच्या या तालुक्यात जिनिव्हाचा निकाल मुळातून वाचून सभासदांना मराठीत समजावून सांगणारी चार माणसं तरी असायला हवीत. ती बाहेरून येणार नाहीत. ती आपल्याच घरातून शिकून यावी लागतील.

पाण्याचंही तसंच. 1980 मध्ये उजनी पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं उठली. जुन्या पळसदेवचं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर येतं. धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी, आणि जमीन गेली इंदापूर, करमाळा, दौंडकडच्या लोकांची. 2021 मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा निर्णय झाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा आपल्याकडे संताप झाला, त्यांच्याकडे जल्लोष झाला. पण पाण्याचा हक्क मुळात ठरतो कसा? कृष्णा खोऱ्याचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 1973 मध्ये काय दिलं, महाराष्ट्राच्या वाट्याच्या 560 टीएमसीतून भीमेच्या खोऱ्याला किती, 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने कोणाला अधिकार दिले, कालवा सल्लागार समिती कशावर निर्णय घेते, या प्रश्नांवर दोन्हीकडच्या सभांत फारसं कुणी बोललं नाही. जो हे वाचून येईल त्याचं म्हणणं मंत्र्यालाही ऐकावं लागेल. घोषणेला उत्तर टाळता येतं, लवादाच्या कलमाला तितकं सहज टाळता येत नाही.

ग्रामपंचायतीचं तर विचारूच नका. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा आलं. प्रत्येक वेळी सरकार बदललेलं होतं. 2022 मध्ये मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा पुढे कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने दिलेला हक्क असा बाजूला पडलेला असताना गावोगाव कुणाला फारसं काही वाटलं नाही. हे मला फार लागतं.

आपल्या समोरच्या उजनीच्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. ज्यांचं नाव दिलं ते यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातले. 1938 मध्ये ते इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री ते झालेच. 1962 मध्ये चीन युद्धाच्या वेळी ते देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि 1974 ते 1977 परराष्ट्रमंत्री होते. पंचायत राज इथे आणलं तेही त्यांच्याच काळात, 1962 मध्ये. ग्रामपंचायतीपासून परराष्ट्र खात्यापर्यंतचा रस्ता एकाच विषयातून जातो, हे त्यांच्याकडे पाहिलं की समजतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध प्रांतांना आणि केंद्राला पैसा कसा वाटला जातो यावर होता. तो 1925 मध्ये छापला गेला. जीएसटीतला राज्याचा वाटा कळायला आजही तिथूनच सुरुवात करता येते.

आता पोरापोरींशी बोलतो.

हा विषय घ्यायचा असेल तर नीट घ्या. इंदापूरचं महाविद्यालय आहे, बारामतीला 1962 पासूनचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे; बी.ए. घराजवळ होऊ शकतं. पण तीन वर्षं गाईडवर काढू नका. राज्यघटना मराठीत मिळते, ती पहिल्या वर्षी पूर्ण वाचा. मराठी विश्वकोशातल्या राज्यशास्त्राच्या नोंदी फुकट वाचता येतात, आणि बाजारातल्या बहुतेक नोट्सपेक्षा त्या कितीतरी चांगल्या आहेत. गावात ग्रामसभा असेल त्या दिवशी तिथे जाऊन बसा. कोरम भरला का, इतिवृत्तात काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय बोललं गेलं, हे वहीत उतरवा. पुणे विद्यापीठातले वि. म. सिरसीकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या नेतृत्वाचा अभ्यास केला तो 1970 मध्ये पुस्तकरूपाने आला. गावातल्या राजकारणावर विद्यापीठाच्या तोडीचं लिहिता येतं हे त्यांनी दाखवलं. राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर यांनी ते काम पुढे नेलं. त्यांची पुस्तकं शोधून वाचा.

इंग्रजीची भीती वाटते, ते मला माहीत आहे. पुणे विद्यापीठात एम.ए.ची उत्तरं मराठीत लिहिता येतात, यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीतून देता येते. तरी इंग्रजी वाचायला शिकाच. आंतरराष्ट्रीय संबंधांवरचं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे, करार इंग्रजीत आहेत, जिनिव्हाचा तो निकालही इंग्रजीतच आहे. रोज दोन पानं, शब्दकोश घेऊन. बोलता नाही आलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले आणि न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. आपल्यासारख्याच गावातून ते गेले.

बी.ए. नंतर जमेल त्याने पुण्याला जावं. विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे, संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, जयकर ग्रंथालय आहे, 'कमवा आणि शिका' योजना आहे. 1930 मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र संस्था आहे. दिल्लीला जेएनयूत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची मोठी शाखा आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या मुदती आधी लिहून ठेवा. मुदत गेल्यावर कुणाच्या शिफारशीचा उपयोग होत नाही. आणि जे घर सोडून जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे.

नोकरीचं खोटं सांगणार नाही. नुसत्या बी.ए.वर काही मिळत नाही. प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचं घर चालत नाही. नेट-सेट होऊन बसलेली हुशार मुलं मी पाहतो. म्हणून एकाच दारावर अवलंबून राहू नका. राज्यशास्त्रासोबत कायदा शिका, किंवा आकडेवारी, किंवा शेतमाल निर्यातीचे नियम. खासदारांसोबत जवळपास वर्षभर संसदेच्या कामात मदत करण्याची लॅम्प फेलोशिप आहे, मुख्यमंत्री फेलोशिप आहे, पत्रकारिता आहे, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था आहेत. स्पर्धा परीक्षा द्यायची तर जरूर द्या. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषयच आहे. मात्र किती वर्षं द्यायची ते आधी घरात बसून ठरवा. अभ्यासिकेत पस्तिशी गाठलेल्या पोराला परत उभं करणं आई-बापाला फार जड जातं. इथल्या एमआयडीसीत पाळीला जाऊन मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणाऱ्या मुलाला मी जास्त मान देतो.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बाईच्या आहेत, 2011 पासून. सही तिची आणि कारभार घरच्या पुरुषाचा, हे किती ठिकाणी चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते कायद्याने पूर्ण थांबणार नाही. कलम दाखवून 'हा ठराव बेकायदा आहे' असं भर सभेत सांगू शकणारी बाई खुर्चीत बसली की थांबेल. तशी बाई घडायला पाच वर्षं शिक्षण लागतं, आणि नेमकी तीच पाच वर्षं आपण तिच्या लग्नाच्या घाईत घालवतो.

तेव्हा यंदाच्या प्रवेशाच्या वेळी मुलीने राज्यशास्त्र मागितलं तर तिला ते घेऊ द्या. मार्क चांगले असतानाही मागितलं तर आनंदाने घेऊ द्या. आणि पुढे एम.ए.ला पुण्याला जायचं म्हणाली, तर बारामतीपर्यंतच जा असं म्हणून तिला अडवू नका.