द्राक्षे आपली, जहाज परक्यांचे

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत गोडी छाटणी झाली की बागायतदाराचा जीव घडाच्या मण्यात अडकतो. अवकाळी पाऊस, भुरी, डाऊनी, मध्येच उतरलेला थंडीचा कडाका हे सारे निभावून जानेवारीत पहिल्या घडाला कात्री लागते, तेव्हा हंगाम हाती आला असे गावात म्हटले जाते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बाबतीत हे विधान घाईचे ठरते. वर्षभराच्या कष्टांचे मोल पुढच्या तीन ते सहा आठवड्यांत, समुद्रावर ठरायचे असते. आणि त्या काळात माल ज्या जहाजात असतो त्यावर बागायतदाराची तर नाहीच, पण बहुधा भारताचीही सत्ता नसते.

शीतकंटेनर, ज्याला व्यवहारात रीफर म्हणतात, त्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ही पेटी गरम माल थंड करते असे मानले जाते. प्रत्यक्षात ती केवळ आधी मिळवलेला थंडावा राखते. घड वेलीवरून उतरल्यापासून चार-सहा तासांच्या आत प्रीकूलिंगच्या खोलीत गेला नाही आणि त्याच्या मण्यातील उष्णता काढून तापमान शून्य अंशाजवळ आणले गेले नाही, तर पुढे उत्तमातला उत्तम कंटेनरही काही करू शकत नाही. मग प्रत्येक खोक्यात गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद ठेवायचा, म्हणजे बुरशी धरत नाही. कंटेनरच्या खाचा पाडलेल्या तळातून थंड हवा वर येते. खोकी चुकीची रचली तर ती हवा वाट मिळेल तिकडून निसटते आणि मधली थप्पी तापते. प्रत्येक फळाची थंडी पुन्हा वेगळी. द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवावे लागते, केळ्याला तेरा-चौदा अंश हवेत. द्राक्षाच्या थंडीत हापूस ठेवला तर तो पिकण्याऐवजी काळवंडतो. रत्नागिरीहून जाणारी गोठवलेली मासळी उणे अठरा अंशांखालीच राहिली पाहिजे. आपल्या पॅकहाऊसमधील बायाबापड्यांनी आणि तरुण पदवीधरांनी हे शास्त्र गेल्या तीन दशकांत हस्तगत केले आहे. 1991 साली महाग्रेप्स स्थापन झाली, तेव्हा यातील पुष्कळशा गोष्टी गावांना परक्या होत्या.

या विद्येचा पहिला मोठा विजय 1882 सालचा. ‘डुनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून निघाले आणि 98 दिवसांनी लंडनला पोहोचले. पोटात सुमारे पाच हजार मेंढ्यांचे गोठवलेले मांस होते, आणि त्यातला अवघा एक नग टाकून द्यावा लागला. विषुववृत्ताच्या उष्म्यात थंड हवा नीट फिरेना, म्हणून कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या वाहिनीत रांगत शिरले, तिला भोके पाडली आणि तिथेच गारठून निपचित झाले. पायाला बांधलेल्या दोरीने त्यांना बाहेर ओढले गेले. कप्तानाचे धैर्य वादातीत आहे. पण भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आणखी एक आहे. शीतयंत्र जहाजमालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. मांस पाठवणाऱ्या कंपनीने जहाजमालकाशी बोलणी करून ते बसवून घेतले होते. माल ज्याचा, त्याचा शब्द जहाजावर चालत होता.

आपल्याकडे नेमके हेच घडत नाही. मार्च 2021 मध्ये, ऐन द्राक्षहंगामात, ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे रुतून बसले. तो इशारा होता. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी तो मार्ग सोडला. 2024 आणि 2025 च्या हंगामांत न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला निघालेली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून गेली. तीन-साडेतीन आठवड्यांच्या प्रवासात पंधरवड्याची भर पडली, भाडे चढले, मोकळे कंटेनर वेळेवर मिळेनासे झाले. दैवाचा खेळ असा, की ही जहाजे ज्या केप ऑफ गुड होपला वळसा घालतात, त्याच प्रदेशातून आपल्या प्रतिस्पर्ध्याची द्राक्षे त्याच रॉटरडॅमला निघतात. त्यांचा माल दोन-अडीच आठवड्यांत पोहोचतो.

हा पंधरवडा कोणाच्या खात्यावर पडतो? जहाज कंपनीचे भाडे बहुधा वसूल झालेले असते. युरोपातील खरेदीदार पेटी उघडल्यावर देठ हिरवा आहे की सुकला, मणी किती गळले, हे पाहूनच दर पक्का करतो. राहता राहिला विमा. सागरी मालविम्याच्या सर्वत्र प्रचलित कलमांत केवळ विलंबामुळे झालेली हानी वगळलेली असते. जहाज बुडाले तर भरपाई मिळेल, उशिरा पोहोचले तर नाही. म्हणजे एका कंटेनरमधील बारा-चौदा टन द्राक्षांची सारी जोखीम फिरून निफाडच्या बांधावर येते. ज्याच्या हाती सुकाणू नाही, त्यानेच वादळाची किंमत मोजायची, असा हा न्याय आहे!

दोष सगळा परक्यांचाच आहे असे म्हणणे मात्र आत्मवंचना होईल. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला. मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म होती, आणि आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. कंटेनर परक्या बंदरांत अडकून पडले, अनेक कुटुंबे कर्जात बुडाली. तिथे जहाज वेळेवर पोहोचले होते. यादी करणारे झोपले होते. त्यानंतर तपासणी कडक झाली आणि बागायतदारांनी ती शिस्त पाळून गमावलेला विश्वास परत मिळवला. घरची चूक घरच्यांना सुधारता आली, कारण तिची सूत्रे आपल्या हाती होती. समुद्रावरील सूत्रांचे तसे नाही.

ती एकेकाळी हाती घेण्याचा प्रयत्न याच मुंबईतून झाला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडेयुद्ध पुकारून आणि पुढे 1923 च्या कराराने सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते बांधून टाकले. परकीय सत्ता गेली, तरी स्वराज्यातील उदासीनतेने उरलेले काम केले. पंतप्रधानांनीच सप्टेंबर 2025 मध्ये भावनगर येथे सांगितले, की पन्नास वर्षांपूर्वी देशाचा चाळीस टक्के व्यापार भारतीय जहाजांतून होत असे, तो वाटा आता पाच टक्क्यांवर आला आहे. त्याच महिन्यात जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्येच झाली आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत.

परंतु बंदर म्हणजे जहाज नव्हे, आणि जहाज म्हणजे रीफर नव्हे. जगातील बहुतेक कंटेनर आज चीनमध्ये तयार होतात, ही बाब सामरिक दृष्टीनेही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जागतिक बाजारात जो स्वस्त नेईल त्याला माल द्यावा, झेंड्याचा आग्रह कशाला, असा युक्तिवाद काही अर्थशास्त्री करतात. शांततेच्या काळात तो खराही वाटतो. सरकारी कंपनीला हुकूम सोडून रातोरात रीफरचा ताफा उभा राहील, ही कल्पनाही भाबडीच. मात्र टंचाईच्या दिवसांत जहाजावरील मर्यादित जागा प्रथम कोणाला मिळते, हे ज्यांनी जानेवारी 2024 मध्ये कंटेनरसाठी खेटे घातले त्यांना विचारावे.

तोवर निदान एक गोष्ट शक्य आहे. मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सने दाखवून दिले, की लहान बागायतदार एकत्र आले तर मोठ्या खरेदीदाराशी बरोबरीने बोलू शकतात. हीच एकजूट भाड्याच्या बोलणीत का आणू नये? द्राक्ष बागायतदार संघ, शेतकरी कंपन्या आणि अपेडा यांनी मिळून संपूर्ण हंगामाची जागा आगाऊ ठरवावी, आणि विलंबाचा धोका पेलणारे विमाकलम सरकारी विमा कंपन्यांकडून लिहून घ्यावे. गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये होते आणि पहिले कंटेनर जानेवारीत भरतात. या वाटाघाटींना मधले तीन महिने मिळतात.