गळतंय, पण कुठून?

फ्लुइड पॉवरच्या व्हायव्हात मला पास्कलचा नियम विचारला होता. मी घडाघडा म्हणून दाखवला, सर 'गुड' म्हणाले आणि मी सुटले! पंधराच दिवसांनी, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी, निफाडजवळच्या मामाच्या द्राक्षबागेत मी मिनी ट्रॅक्टरखाली आडवी पडले होते आणि तोच पास्कल माझ्या कपाळावर टपटप गळत होता.

द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फूट जागा. मोठा ट्रॅक्टर तिथे चालत नाही, म्हणून हा छोटा. रोटाव्हेटर उचलताना त्याची लिफ्ट तेल टाकायला लागली होती. छाटणीनंतर फवारण्यांची रांग लागते, आणि ब्लोअरही हाच ओढतो. ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला आणि त्यात पाऊस आला, की डावणी आलीच म्हणून समजा. तालुक्याच्या मेकॅनिकने वाकून पाहिलं, पंपाभोवती ओलं दिसलं, "पंप गेला, नऊ हजार" म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

मामा माझ्याकडे वळला. "अगं, तू इंजिनिअर ना?" (थर्ड इयर, मामा, थर्ड इयर!)

खरं सांगते, मलाही पंपच वाटला. खात्री करायला मी चालू इंजिनमध्ये पाईपवरून बोट फिरवायला गेले, तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले मिस्त्रीकाका ओरडले, "ताई, हात काढा आधी!"

का ओरडले ते नंतर कळलं. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. लिफ्टच्या पाईपमध्ये तो दीडशे बारच्या घरात जातो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतंही फारसं नाही, म्हणून माणूस फडकं गुंडाळून घरी जातो. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं, कधी हातही. हे आमच्या एकाही जर्नलमध्ये नाही. काकांनी द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला आणि म्हणाले, हा लांबून धरून फिरवा.

मग त्यांनी विचारलं, "गळतंय, ठिबकतंय, पाझरतंय, का चिळकांडी उडतेय?" माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. माझ्याकडे या सगळ्याला एकच शब्द, लीक! पण काकांचे चार शब्द म्हणजे चार वेगवेगळी निदानं होती. पाझरत असेल तर बहुधा गास्केट किंवा घाईत आवळलेला बोल्ट. चिळकांडी असेल तर पाईपला चीर. पुढचा प्रश्न याहून भारी. "कधी?" इंजिन बंद असतानाही ठिबकत असेल तर दाबाचा संबंध नाही, हाउसिंग बघा. फक्त लिफ्ट उचलताना ठिबकत असेल तर पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतची दाबाची बाजू बघा. आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला फट असेल तर तेल बाहेर येतच नाही, उलट हवा आत जाते, तेलाला फेस येतो आणि पंप किंचाळतो. आमचं तेल फक्त उचलताना ठिबकत होतं.

मग खरं काम, म्हणजे धुणं. डिझेल आणि ब्रशने वर्षाचा चिखल काढला, फडक्याने कोरडं केलं, आणि मामीची टॅल्कम पावडर पाईपवर आणि पंपावर भुरभुरली. (मामी अजून बोलत नाही.) रोटाव्हेटर चार-पाच वेळा वर-खाली केला आणि वाट पाहिली. पंपावरची पावडर पांढरीशुभ्र! काळी रेघ उमटली ती दोन फूट वर, पाईप लिफ्टच्या कव्हरला जोडला होता तिथे. तेल तिथून पाईपच्या अंगावरून खाली ओघळत पंपावर जमत होतं, आणि बदनाम पंप झाला होता.

रोटाव्हेटर जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केलं, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब काढला आणि जोड उघडला. आतली ओ रिंग चपटी, एका बाजूने कुरतडलेली. नवी पंधरा रुपयांची. मी लगेच बसवायला निघाले, तर काका म्हणाले, "ही कशानं खाल्ली ते बघा की." पाईपला मध्ये धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्टच गायब होता. पाईप थरथरत होता आणि रिंग घासत होता. नुसती रिंग बदलली असती तर पुन्हा तेच झालं असतं.

रूमवर आल्यावर गणित केलं. एक थेंब साधारण ०.०५ मिलि. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून जास्त!

पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. जोसेफ ब्रामाच्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट १७९५ चं. नियम पाठ असून भागत नव्हतं, कारण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचं. ते थांबवणाऱ्या चामड्याच्या वाटीचं श्रेय हेन्री मॉड्स्लेला देतात. दाब वाढेल तशी ती वाटी भिंतीला जास्त घट्ट चिकटते. आमच्या नोट्समध्ये ब्रामा आहे, वाटी नाही.

आमच्या लॅबमधला ट्रेनर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली चकचकीत ठेवलेला आहे. तो कधी गळत नाही, कारण तो कधी चालत नाही. रीडिंग्ज मागच्या बॅचच्या जर्नलमधून येतात, हे सरांनाही माहीत आहे. (सर, रागावू नका.) माझं म्हणणं इतकंच, की भंगारातून एक जुनी लिफ्ट आणून वर्कशॉपमध्ये ठेवा आणि दर सेमिस्टरला तिच्यात एक नवी खोड करून ठेवा. दाब कमी ठेवा, पुठ्ठे भरपूर द्या. विद्यार्थ्याने एवढंच लिहायचं, की गळतंय कुठून, कधी आणि का. दुरुस्ती नाही केली तरी चालेल. टर्मवर्कचे दहा मार्क त्याला द्या, जर्नलच्या कव्हरला नकोत.

'हे आयटीआयचं काम' असं काही मित्र म्हणतात. मग पंप बदला म्हणणारा तो मेकॅनिक आणि आपण, यांत फरक कोणता?

जाता जाता, लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ओलीला यंदा तिसऱ्यांदा प्लॅस्टर झालं. ओल पुन्हा आली. वरच्या फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून बघायची परवानगी मी रेक्टर मॅडमकडे मागितली आहे. उत्तर यायचंय.