आधी पडायला शिकवा

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या एका सभागृहाच्या शहाबादी फरशीवर सातवीतल्या मुलीचं मनगट मोडलं. आत्मसंरक्षण शिबिराचा चौथा दिवस होता. प्रशिक्षकाने पाय अडकवून तिला पाडलं, पडताना तिने हात टेकला आणि अंगाचा सगळा भार त्या एका हाडावर आला. शिबिर सुरूच राहिलं. समारोपाला पाहुणे आले, हारतुरे झाले, फोटो निघाले. त्या फोटोत ती मुलगी प्लास्टर ओढणीखाली झाकून उभी आहे. मला याचा संताप आहे.

नोकरीच्या काळात पुण्यात मी अकरा वर्षं आयकिडो या जपानी युद्धकलेचा सराव केला. पहिले तीन महिने मला कुणालाही फेकू दिलं नाही, फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर. हाताची करंगळीकडची कड जमिनीला लावायची, तिथून कोपर, खांदा आणि पाठीवरून तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत गोल जायचं. जपानीत याला उकेमी म्हणतात. एकटं कुठलंच हाड मार खात नाही.

हे सांगायला जपानचा दाखला द्यावा लागतो, याची मला लाज वाटते. आपल्या तालमीत तांबडी माती चाळतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात, कुस्तीआधी फावड्याने हौदा उकरतात. पोराला पाठीवर पाडायचं तर आधी जमीन मऊ करायची, एवढी अक्कल आपल्या वस्तादांना होती. पोरींची वेळ आली तेव्हा ती अक्कल कुठे गेली?

समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. तीन महिने, शाळेला महिना ५००० रुपये. तीन महिन्यांत कुणी लढायला शिकत नाही. पडायला मात्र नक्की शिकतं. पण पडण्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून कौलं फोडून दाखवतात आणि ‘आता कुणाला घाबरू नकोस’ म्हणून पोरीला घरी पाठवतात. हा खोटा भरवसा आहे, आणि तो देणाऱ्याला मी शिक्षक म्हणणार नाही.

इथल्या विडी कामगार बायकांनी प्रत्येकी २०,००० रुपये स्वतःचे घालून कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली घरांच्या किल्ल्या हातात आल्या. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या त्या बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. त्यांच्या पोरींकडून दर तीन महिन्यांनी परीक्षा फी घेऊन पिवळा, मग केशरी, मग हिरवा पट्टा विकणाऱ्यांना काय म्हणावं? मी इथे मुलींचा आयकिडो वर्ग घेते. एक आई मला विचारत होती, “अक्का, तुमच्याकडे पट्टा कधी मिळतो?” तिचा दोष नाही. तिला तेवढंच दाखवलं गेलंय.

पदकाचंही तेच. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांना स्पर्धा मान्यच नव्हत्या. त्यामुळे आमच्याकडून दहावीला वाढीव क्रीडा गुण नाहीत की सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र नाही. मग उपयोग काय, असं मला तोंडावर विचारतात. उपयोग हा, की इथे पोरीचं मनगट रोज शंभर वेळा धरलं जातं आणि ती रोज शंभर वेळा ते सोडवते. बसमध्ये, गल्लीत कुणी हात धरला तर आपण गोठतो, कारण तसा धरलेला हात अंगाला माहीतच नसतो. तो माहीत करून द्यायला महिने लागतात, आणि तरीही सुटकेची हमी मी देत नाही.

वर्गासाठी आम्ही सभागृहात लाकडाचा भुसा अंथरून वर ताडपत्री ताणली आहे. पहिला महिना नुसतं पडणं. कंटाळून चार जणी सोडून गेल्या, नऊ राहिल्या. मनगट मोडलेली मुलगी प्लास्टर काढल्यावर आली. ती अजून मागे पडताना हात टेकते, आणि तो हात टेकायचा थांबेपर्यंत मी तिला दुसरं काही शिकवणार नाही.

लग्नाचं बुकिंग आलं की सभागृहातून आम्हाला भुसा पोत्यांत भरून बाहेर काढावा लागतो. गेल्या महिन्यात पाच वेळा काढला. शिबिरं भरवणाऱ्यांनो, पुढच्या शिबिराच्या मांडवावर आणि पाहुण्यांच्या शालींवर जे खर्च करणार आहात, ते इथे घाला. वीस फूट बाय वीस फुटांची एक खोली, जिथला भुसा रोज उचलावा लागणार नाही, एवढी द्या.