व्यवहारदीप : त्रयस्थाच्या हातची ठेव

आपले पूर्वज कोकण सोडून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले, तेव्हा त्यांची मजुरी मालकाच्याच हाती असे. एका दिवसाच्या गैरहजेरीपायी दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पैसा आणि हिशेब दोन्ही एकाच्याच मुठीत असले, की काय घडते, हे त्या पिढीने सोसून जाणले.

आज त्यांचीच पतवंडे फ्लोरिडात घरे घेतात. पुष्कळदा इमारत पायापर्यंतच आलेली असते. पैसे मात्र आधी द्यावे लागतात. येथे ‘एस्क्रो’ खाते उपयोगी पडते. त्या राज्याच्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार (प्रकरण ७१८) किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम बँक, वकील अशा त्रयस्थाकडे राहते. व्यवहार पुरा होईपर्यंत बिल्डरला तिला हात लावता येत नाही.

परंतु १० टक्क्यांवरील रक्कम, करारात तसे कलम असल्यास, बांधकामावर खर्च करता येते. काम अर्धवट राहिले, तर ती परत मिळेलच असे नाही. म्हणून ते कलम आधी शोधावे आणि पावती त्रयस्थाचीच घ्यावी. सही करून आवश्यक कागद हाती आल्यावर करार रद्द करण्यास १५ दिवस मिळतात.

भारतातही २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवाचून, झालेल्या कामाच्या प्रमाणाबाहेर, ती काढता येत नाही.

आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांनी करार न वाचताच मान्य केला, कारण त्यांना तो वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. मग न वाचता सही करणे हा त्यांच्या कष्टांचा अवमान नव्हे काय?