अम्मीच्या गुलाबाचं नाव

उदगीरला माझ्या माहेरच्या अंगणात हौदाशेजारी एक गुलाब आहे. अम्मीने लावलेला. गडद लाल, झुपक्याने येणारा, उमलला की मान खाली घालणारा. सकाळी दार उघडलं की फूल दिसायच्या आधी वास येतो. अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली. आता भाऊजान जुनं घर पाडून नवं बांधतायत आणि पायाची आखणी नेमकी त्या झुडपावरून गेली आहे.

भाच्याने मोबाइलवर फोटो काढला. अ‍ॅपने नाव सांगितलं, ‘डॉक्टर ह्यूई’. त्याने आणखी वाचलं. हा अमेरिकेत खुंट म्हणून वापरतात. वर भरलेला डोळा मेला की खालचा खुंट वाढतो आणि लोकांना वाटतं आपला गुलाबच रंग बदलून आला. मग तो मला म्हणाला, “फुप्पी, दादीचा खरा गुलाब केव्हाच मेलाय. हा खुंट उरलाय. जाऊ द्या, नर्सरीतून नवा आणू.”

खरं सांगते, मला पटलं होतं. पण त्याच झुडपाचा दुसऱ्या दिवशी फोटो काढला तर दुसरं नाव आलं, आणि कळीच्या फोटोवर तिसरं.

अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणत नाही. पण गुलाबाच्या नाव दिलेल्या जाती हजारोंनी आहेत आणि लाल गुलाब फोटोत एकमेकांसारखेच दिसतात. वास, बहराचा काळ, बुंधा आणि झाड कुणी कुठून आणलं, हे फोटोत येत नाही. आणि ओळख तर त्यावरच ठरते.

म्हणून आम्ही दोघं झुडपाजवळ बसलो. बुंध्याची माती सारली. डोळा भरल्याची गाठ कुठेच नव्हती. जमिनीतून निघालेल्या सगळ्या फांद्यांना एकच फूल. ‘डॉक्टर ह्यूई’ वर्षातून एकदाच बहरतो आणि त्याला वास जेमतेम असतो. आमचा प्रत्येक छाटणीनंतर फुलतो आणि वासाने अंगण भरतो. ते नाव बाद झालं. मग पानाच्या देठाशी असलेली उपपर्णं पाहिली. मल्टिफ्लोरा नावाच्या खुंटाची उपपर्णं कंगव्याच्या दातांसारखी कातरलेली असतात. आमची साधी निघाली. कोवळी पालवी तांबूस, फुलाचा देठ नाजूक. हे सगळं भाच्याने वहीत लिहिलं.

नंतर खालाला फोन केला. त्या म्हणाल्या, “कलम कायकी? काडी लायी थी तेरी अम्मी.” भाऊजानच्या जन्माच्या वर्षी, गल्लीत गुलकंद करणाऱ्या एका बाईंकडून, ओल्या फडक्यात गुंडाळून. म्हणजे हे झाड स्वतःच्याच मुळांवर उभं आहे. खुंटाचा प्रश्नच नाही. जे अ‍ॅपला कळलं नाही ते खालाने एका वाक्यात सांगितलं.

गुलकंदाचा धागा मिळाल्यावर शोध सोपा झाला. वर्णन जुळतं ते ‘ग्रुस आन तेप्लित्झ’ या जातीशी. ऑस्ट्रिया-हंगेरीतले वनाधिकारी रुडॉल्फ गेश्विंड यांनी ती तयार केली, 1897 मध्ये ती बाजारात आली. जर्मन नावाचा अर्थ ‘तेप्लित्झ गावाला सलाम’. उत्तर भारतात सुट्या फुलांसाठी तिची शेती होते, पाकिस्तानी पंजाबात तिला ‘सुर्खा’ म्हणतात.

भाचा लगेच पाटी रंगवायला निघाला. मी त्याला थांबवलं. आधी ‘बहुधा’ लिही.

माझं म्हणणं एवढंच आहे. चुकीचं नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट. नाव नसेल तर माणूस पाहत राहतो, विचारत राहतो. पाटी लागली की पाहणं थांबतं, आणि पाटीवरची चूक पुढच्या दहा कुंड्यांत जाते. बर्म्युडा बेटावर जुन्या बागांतून आणि कबरस्तानांतून सापडलेल्या, मूळ नाव हरवलेल्या गुलाबांना तिथले लोक ‘गूढ गुलाब’ म्हणतात. ज्या गावात किंवा ज्या माणसाकडे झाड मिळालं, त्याचंच तात्पुरतं नाव देतात. खरं नाव सापडेपर्यंत ते चालतं. यात मला कमीपणा दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो.

शाळेत मी मुलांना सांगते, ‘गुलाब’ हा फारसी शब्द, गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबजल. आपल्याकडे येता येता पाण्याचं नाव फुलाला लागलं. एवढ्या जुन्या शब्दाचंही असं होतं, तर अंगणातल्या झाडाचं नाव घाईने ठरवू नये.

पावसाळा लागताच पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दहा काड्या लावल्या. चार फुटल्या. पत्र्याच्या पट्टीवर भाच्याने लिहिलंय: ‘अम्मीचा गुलाब, उदगीर. काडीपासून. बहुधा ग्रुस आन तेप्लित्झ.’

खालांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. मी दोन-चार वर्षं उशीर केला असता, तर ती ओल्या फडक्याची गोष्ट कुणी सांगितली असती? तुमच्याही अंगणात बिननावाचं झाड असेल. मोबाइल काढा, जरूर काढा. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा.