कागद रद्दीत घालू नका

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र धाडलं. तुमच्या लोकांनी युनोकडं अर्ज केलाय म्हणे, प्रती पाठवा. अस्पृश्यही तसाच विचार करतायत. ३१ जुलैला डु बॉईसनं उत्तर लिहिलं.

ही दोन्ही पत्रं आज कुठायत? अ‍ॅमहर्स्टला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लायब्ररीत. आलेलं पत्र डु बॉईसनं ठेवलं, धाडलेल्याची नक्कलही ठेवली. १९५१ साली सरकारनं त्याच्यावर खटला भरला. १९६१ साली तो घानाला गेला, तेव्हा हर्बर्ट अ‍ॅप्थेकर या दोस्तानं कागद सांभाळले. १९७३ साली ते विद्यापीठात आले. लाखावर कागद, नोंदी करून लावलेले. आता इंटरनेटवर कुणीही फुकट वाचावेत.

आणि आपण? मी गोदीत राबतो. तिथं उतरलेल्या गोणीचीसुद्धा टॅली होते. आपल्या मोर्चाची कुठाय? पत्रकं, ठराव, अनियतकालिकं किलोच्या भावानं रद्दीवाल्याकडं जातात. मग उरतो फक्त पोलिसांचा कागद. त्यात आपल्याला नाव नसतं, आपण 'जमाव' असतो.

दोस्तहो, पत्रक काढलं की तारीख नि छापखाना घाला. दोन प्रती बाजूला काढा. म्हाताऱ्याची ट्रंक भंगारात देण्याआधी उघडा. लायब्ररीला कागद द्यायचे तर जरूर द्या, पण पावती घ्या. आणि अट लिहून घ्या: वस्तीतलं पोरगं आलं तर त्याला दारात अडवायचं नाही. कागद त्याच्या हातात द्यायचा.